उरलेली हवा

दारव्हा रोडवर, जिनिंगच्या मागे,
आमच्या गॅरेजची पाटी : कार्बोरेटर स्पेशालिस्ट.
‘स्पे’वर कुणाचा तरी ऑइलचा पंजा.

बाबा नाकानं गाड्या लावायचे.
सायलेन्सरमागे उकिडवे बसून एक लांब श्वास,
मग स्क्रू पाव वळसा आत,
आणि उठता उठता, “झाली, पाह्य.”

दोन वर्षांपूर्वीच्या तापानं त्यांचा वास नेला.
पेट्रोल, लसणाची फोडणी, मोहाची फुलं
सगळं उकळून गार केलेल्या पाण्यासारखं.
त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
ढोरांच्या डॉक्टरांची जिप्सी
काळा धूर ओकत परत आली, तेव्हा मला कळलं.

मी नागपूरहून सेन्सर मागवला.
अंगठ्याएवढा, पाच तारांचा.
किंमत ऐकून आईची चाळणी हातातच थांबली.
तुकडोजी वेल्डरकडून पाइपला खोबण करून घेतली,
घड्याळात दहा वाजतात तेवढी तिरपी,
पाणी साचलं तर हा मरतो म्हणून.

तापल्याशिवाय तो बोलत नाही.
अर्धा मिनिट आम्ही दोघं डॅशबोर्डवरच्या
रिकाम्या आकड्यांकडे बघत बसलो.
“एक किलो पेट्रोलला चौदा किलो सातशे ग्रॅम हवा,” मी म्हणाले.
“हवा कोनी किलोनं मोजते काय, पोरी?”

मग कारंज्याकडे. ते चालवणार, मी वाचणार.
तेरा-दोन. तेरा-आठ. चौदा-एक.
बैलबाजारात बोली चढावी तशी.
दोन्ही बाजूंना तुरी, रानडुकरांसाठी
जुन्या साड्यांचं कुंपण,
एक जरीकाठी वाऱ्यावर फुगलेली.

चढावर आकडा सोळा-चार.
पेट्रोल कमी पडतंय. जेट बदलला, एकशेपाचच्या जागी एकशेसात.
सतरा.
आणखी मोठा टाकला.
सतरा-दोन.
बाबा गप्प. त्यांनी बॉनेट उघडलं,
चालत्या इंजिनात चिंधी धरून एकेक वायर उपसली.
पहिली : इंजिन कण्हलं. दुसरी : कण्हलं.
तिसरी उपसली, आणि काहीच झालं नाही.
“हे जळूनच नाई रायलं.”
प्लग काढला तर पेट्रोलनं ओलाचिंब.
वायर उंदरानं कुरतडलेली.

कसं असतं ना,
सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही.
पाइपातून जाताना किती प्राणवायू
उरलाय, तेवढंच तो मोजतो.
ज्या कोठीत ठिणगीच पडली नाही
तिथली सगळी हवा कोरीच्या कोरी बाहेर येते,
आणि तो म्हणतो, हिला पाजा, हिला कमी पडतंय.
मी पाजत गेले.

(घरीसुद्धा. दोन वर्षं.
भाजीत मीठ-मसाला वाढवत,
ते ताट सरकवत.)

नवी वायर बसली तसा आकडा धाडकन अकरावर.
इतकं मीच ओतून ठेवलं होतं.
रस्त्याच्या कडेलाच मैलाच्या दगडावर
जेट उलटे बदलले, बोटं गारठलेली,
एक रोही तुरीतून मान काढून बघत होता.

संध्याकाळी गॅरेजात गाडी नुसती चालू ठेवली.
बाबा मागे जाऊन बसले, जुन्यासारखे उकिडवे.
मी म्हणाले, “तेरा...”
“सांगू नको.”
त्यांनी डोळे मिटून गाल धुराकडे केला,
न्हाव्यापुढे करतात तसा.
बराच वेळ.
“तेरा-आठ?”
तेरा-सहा होतं.
“कशावरून?”
“गालाले लागते ना.”

पाटीखाली भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय :
जिप्सी, डिसेंबर, तेरा-सहा.
मे महिन्यात सेहेचाळीसच्या उन्हात हवा पातळ होते,
तेव्हा हे सगळं चुकेल.
तारखेपुढे जागा सोडली आहे.